काल चालू होता, आज होईना: काहीतरी बदलल्यावर पीसी बूट होत नसेल तर

गणपतीच्या आधी एकदा मामांचा फोन आला, "आरं तो कॉम्प्युटर मेला बघ, नुसता निळा पडतोय." मामांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे, बिलं, ड्रॉइंग, जीएसटी सगळं त्या एकाच पीसीवर, आणि तारीख होती १८, म्हणजे २० तारखेचं रिटर्न डोक्यावर. मी विचारलं, शेवटचं काय केलं होतं त्याला? "काय नाय, कुणी हात पण लावला नाय."

हे उत्तर सगळेच देतात. मी पण दिलंय. दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलल्यावर कळलं की कामावरच्या पोरानं गणपतीची साफसफाई म्हणून कॅबिनेट उघडून ब्लोअर मारला, आणि तारीख सारखी मागं जातेय म्हणून मदरबोर्डवरचा सेल बदलला. झालं, तिथंच उत्तर होतं, पण तोपर्यंत शहरातल्या एका दुकानात मशीन दाखवून झालेलं आणि तिथं सांगितलेलं की हार्ड डिस्क गेली, विंडोज नवीन मारायला लागंल, डेटाची गॅरंटी नाही.

डिस्क ठणठणीत होती. पुढं सांगतो काय झालेलं ते. पण हा लेख ज्यांनी आयुष्यात कधी बायोस (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डचा स्वतःचा सेटिंगचा प्रोग्राम) उघडलं नाही त्यांच्यासाठी आहे, म्हणून आधी मुळापासून.

सगळ्यात आधी कागद घ्या. खरंच घ्या. पीसी शेवटचा नीट चालू झाला तेव्हापासून आत्तापर्यंत काय काय बदललं ते लिहा. अपडेट आलं होतं का, नवीन रॅम किंवा एसएसडी टाकली का, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, अँटिव्हायरस, पार्टिशन म्हणजे डिस्कचे भाग लहानमोठे केले, बायोसमध्ये कुणी बोटं घातली, किंवा अपडेट चालू असताना लाईट गेली. पीसी जागेवरून हलवला असेल तर ते पण लिहा. यातलं शेवटचं जे असेल ते आधी उलटं करायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट उलटी करायची, मग चालू करून बघायचं. चार गोष्टी एकदम केल्या आणि चालू झाला तर कशानं झाला ते कळत नाही, आणि नाही झाला तर तुम्ही स्वतःच अजून दोन बिघाड घालून ठेवलेले असतात.

दुसरं, फॉरमॅट हा शब्द शेवटपर्यंत तोंडात आणायचा नाही. दुकानदाराला फॉरमॅट सोयीचं असतं, तासाभरात मशीन हातावेगळं होतं, त्यांचा पण दोष नाही, पण तुमचे पाच वर्षांचे फोटो आणि टॅलीचा डेटा त्याच डिस्कवर असतो.

कुठं अडकलाय ते बघा

बटण दाबल्यापासून विंडोज दिसेपर्यंत मशीन चार पायऱ्या चढतं. आधी करंट येतो, पंखे फिरतात. मग बोर्ड स्वतःची तपासणी करतो, रॅम आहे का, प्रोसेसर आहे का, डिस्प्ले आहे का, आणि कंपनीचा लोगो दाखवतो. मग तो डिस्कवर बूटलोडर नावाचा छोटासा प्रोग्राम शोधतो. आणि तो बूटलोडर शेवटी विंडोज किंवा लिनक्स उचलतो. तुमचं मशीन कुठल्या पायरीवर बसलंय ते ओळखलं की निम्मं काम झालं.

लोगोच येत नसेल तर विंडोजचा काही संबंध नाही, कितीही पेनड्राइव्ह लावा उपयोग नाही, ते हार्डवेअर. लोगो येतो आणि मग काळ्या स्क्रीनवर बूट डिव्हाइस सापडत नाही असं काहीतरी इंग्लिशमध्ये येतं, तर बायोसचं सेटिंग किंवा बूटलोडर. आणि लोगोखाली ती टिंबं गोल गोल फिरून मग एररची निळी (नव्या विंडोज ११ मध्ये काळी) स्क्रीन किंवा सारखं रिस्टार्ट, तर बूटलोडर ठीक आहे, विंडोजच अडखळतंय.

एक महत्त्वाचं. अपडेटनंतर टिंबं फिरत असतील किंवा बदल मागे घेतोय असा मेसेज असेल तर लगेच बटण दाबून बंद करू नका. जुन्या हार्ड डिस्कवर ह्याला तास-दीड तास लागू शकतो. कॅबिनेटवरचा डिस्कचा लाईट लुकलुकतोय तोवर काम चालूय असं समजा, चहा घेऊन या.

लोगोच येत नाही

आतून काही उघडलं असेल तरच बहुतेक वेळा हे होतं. आधी वायर बघा, आणि हसू नका, पण मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात न लावता खाली मदरबोर्डच्या पोर्टात लावलेली मी तीनदा पकडलीये, त्यातली एक माझी स्वतःची. मग पॉवर सप्लायच्या वायरी: मोठी २४ पिनची असते ती सगळे लावतात, पण प्रोसेसरजवळची वेगळी चार किंवा आठ पिनची विसरतात, मग पंखे जोरात फिरतात आणि स्क्रीन कोरी.

मग रॅम. प्लग काढा, नुसतं स्विच बंद करून नाही, वायरच काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला करंट निघून जातो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा. रॅमच्या दोन्ही बाजूच्या क्लिपा उघडून पट्टी काढा, सोनेरी पट्ट्यांवर शाळेतला साधा खोडरबर हलक्या हातानं फिरवा, चुरा पुसून परत बसवा, टक् असा आवाज यायला पाहिजे. दोन पट्ट्या असतील तर एकच लावून बघा, मग दुसरी. आमच्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये जी दमट हवा असते त्यात हा उपाय जेवढ्या वेळा चाललाय तेवढ्या वेळा दुसरा कुठलाच नाही.

नवीन डीडीआर ५ रॅम टाकली असेल तर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते, बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, तेवढ्यात घाबरून बंद करू नका.

बीप वाजत असतील तर मोजा, किती छोटे किती लांब. प्रत्येक कंपनीचा अर्थ वेगळा असतो, बोर्डाच्या पुस्तकात मिळतो. आणि बायोसमध्ये रॅमचा स्पीड वाढवून ठेवल्यानंतर हे झालं असेल तर बायोसची सेटिंग मूळपदावर आणायची, त्यासाठी पीसी प्लगमधून काढून मदरबोर्डवरचा तो गोल बटण सेल पाच-दहा मिनिटं काढून ठेवायचा. सेलवर सीआर २०३२ लिहिलेलं असतं, ३ व्होल्टचा, घड्याळवाल्याकडं पण मिळतो.

पण इथंच थांबा, कारण मामांच्या पीसीचा घोटाळा इथंच आहे.

सेल बदलला आणि डिस्क गेली

त्या सेलवर नुसतं घड्याळ चालत नाही, जुन्या पीसीत बायोसची सेटिंग पण त्याच्याच जीवावर टिकतात. सेल काढला की बोर्ड सगळं विसरतो आणि फॅक्टरीतून आलेली सेटिंग लावतो. आता मामांच्या पीसीत विंडोज टाकलं तेव्हा डिस्कचा मोड, म्हणजे बोर्ड डिस्कशी कुठल्या पद्धतीनं बोलतो ते, एएचसीआय (AHCI) होता, आणि त्या बोर्डाचं फॅक्टरी सेटिंग होतं रेड (RAID) ही दुसरी पद्धत. सेल बदलल्यावर मोड आपोआप रेड झाला, विंडोज उठलं, त्याला सवयीच्या रस्त्यानं डिस्क दिसेना, आणि त्यानं निळ्या स्क्रीनवर लिहिलं इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस. हे वाचून कुणालाही वाटणार डिस्क मेली.

मी गेलो, डिलीट की टकटक दाबत बायोसमध्ये घुसलो, साटा कॉन्फिगरेशन (SATA, डिस्कच्या जोडणीचं पान) मध्ये मोड परत एएचसीआय केला, एफ १० दाबून सेव्ह केलं. पीसी उठला. मामा एवढंच म्हणाले, "एवढंच होतं?" आणि मागं कॉम्प्रेसर धडाधडा चालू झाला त्यामुळं मला पुढचं ऐकू आलं नाही.

तर बायोसमध्ये काय बघायचं: पहिलं, डिस्कचं नाव तिथं दिसतंय का. दिसत असेल तर डिस्क बहुतेक जिवंत आहे. नसेल तर केबल बघा, एसएसडी काढून परत बसवा. दुसरं, बूट ऑर्डरमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिला आहे का, की कुणीतरी लावून ठेवलेला पेनड्राइव्ह पहिला आहे. तिसरं, हा डिस्कचा मोड. चौथं, बूट करायची नवी पद्धत यूईएफआय (UEFI) आहे की जुनी लेगसी, कुठं कुठं लेगसीला सीएसएम म्हणतात. यूईएफआयमध्ये टाकलेलं विंडोज लेगसीमध्ये उठत नाही आणि उलटंही नाही. विंडोज ११ साठी म्हणून लेगसीचं यूईएफआय करून ठेवायचं आणि मग पीसी उठेना म्हणून रडायचं, असे बरेच जण भेटतात. परत लेगसी करा, उठंल.

बायोसमध्ये जायची की कंपनीगणिक वेगळी, डिलीट किंवा एफ २ बहुतेक ठिकाणी. नुसता बूट मेनू पाहिजे असेल तर डेल आणि लेनोवोला एफ १२, एचपीला एस्केप दाबून मग एफ ९. बटण दाबल्या दाबल्या टकटक सुरू करायचं, लोगो गेल्यावर उपयोग नाही.

आणि बायोसला हात लावायच्या आधी बिटलॉकर बघा, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. नव्या लॅपटॉपवर डिस्क कुलूपबंद असू शकते आणि ते तुम्हाला माहीत पण नसतं. बायोसमध्ये बदल झाला की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. मोबाइलच्या ब्राउझरवरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन करा, बहुतेक वेळा तिथं सापडते, कागदावर उतरवून घ्या. की मिळाली नाही तर डेटा कुणीच काढून देऊ शकत नाही, कितीही मोठं दुकान असू दे.

विंडोज अडखळतंय

टिंबं फिरतायत पण पुढं जात नाही, तर विंडोजला त्याचा दवाखाना उघडायला लावायचा. पेनड्राइव्ह नसला तरी चालतं. लोगो आणि टिंबं दिसली की पॉवर बटण दहा सेकंद दाबून बंद करा, असं दोन-तीनदा, पुढच्या वेळी ते स्वतःहून रिपेअरच्या निळ्या पानावर जातं. तिथून ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग ट्रबलशूट, मग परत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. हे एवढं सोडून बाकी वेळी बटण दाबून बंद करणं वाईटच.

तिथं पाच-सहा चौकोन दिसतात. अपडेटनंतर बिघडलंय तर अनइन्स्टॉल अपडेट्स, त्यात क्वालिटी म्हणजे महिन्याचं छोटं आणि फीचर म्हणजे वर्षाचं मोठं. मोठं अपडेट सहसा दहाच दिवसांपर्यंत मागे घेता येतं. एखादं सॉफ्टवेअर टाकल्यावर बिघडलंय तर सिस्टीम रिस्टोअर, ह्याने तुमच्या फायली जात नाहीत, फक्त सेटिंग आणि प्रोग्राम मागच्या तारखेला जातात. स्टार्टअप रिपेअर एकदा चालवून बघा, माझ्या अनुभवात निम्म्या वेळा ते रिपेअर करता आलं नाही म्हणून हात वर करतं, पण फुकट आहे.

ड्रायव्हर टाकल्यावर स्क्रीन काळी पडत असेल तर सेफ मोड, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरत्या ड्रायव्हरवर चालू करायचं. स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट, मग यादी आली की ४ दाबा, इंटरनेट पाहिजे तर ५. सेफ मोडमध्ये पिन कधीकधी चालत नाही, पासवर्ड आठवून ठेवा. आत गेल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, आणि रोल बॅक. ते बटण फिकं असेल तर अनइन्स्टॉल करा, विंडोज साधा ड्रायव्हर लावतं.

सेफ मोडची ताकद बघायची तर १९ जुलै २०२४ आठवा, विमानतळांवर निळ्या स्क्रीन आणि हातानं लिहिलेले बोर्डिंग पास. क्राउडस्ट्राइकच्या सिक्युरिटी सॉफ्टवेअरचं एक अपडेट चुकलं आणि मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजानं जगभरातली ८५ लाख विंडोज मशीन झोपली. एकाही मशीनचं हार्डवेअर गेलं नव्हतं. उपाय काय, तर सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल उडवायची. फक्त ते प्रत्येक मशीनपुढं बसून करायला लागलं म्हणून एवढे दिवस गेले.

आता लाईट. अपडेट चालू असताना लाईट गेली की अर्धवट अपडेट अडकून बसतं, दर वेळी उठायला जातं आणि परत पडतं. ह्याला कमांड प्रॉम्प्ट लागतं, म्हणजे कमांड टाइप करायची काळी खिडकी, ती त्याच चौकोनांत असते. कमांड मी इथं फोनवर मामांना सांगतो तशा लिहितोय, टाइप तुम्ही इंग्लिश अक्षरांत करायच्या. आधी ड्राइव्ह ओळखा, कारण ह्या निळ्या पानात तुमचा सी ड्राइव्ह डी किंवा ई झालेला असू शकतो: डीआयआर स्पेस सी कोलन टाइप करा, विंडोज आणि यूजर्स फोल्डर दिसले तर तोच, नाहीतर डी, ई करून बघा आणि पुढच्या कमांडमध्ये सीच्या जागी ते अक्षर लिहा. मग डिझम (डी आय एस एम), स्पेस, स्लॅश इमेज कोलन सी कोलन बॅकस्लॅश, स्पेस, स्लॅश क्लीनअप डॅश इमेज, स्पेस, स्लॅश रिव्हर्टपेंडिंगॲक्शन्स, शेवटचे तीन शब्द जोडून. अडकलेलं अपडेट मागे घेतलं जातं.

चेकडिस्क, म्हणजे डिस्क तपासायची कमांड, चालवायला सगळे सांगतात. पण डिस्कमधून टिक टिक आवाज येत असेल तर चालवू नका, मरणाऱ्या डिस्कला पळवल्यासारखं होतं. तिथं आधी डेटा, बाकी सगळं नंतर.

बूटलोडर हरवलाय

ही भानगड दोन प्रकारे होते. एक, नवीन एसएसडीवर विंडोज टाकताना जुनी हार्ड डिस्क पण जोडलेली होती. विंडोज गेलं एसएसडीवर पण बूटलोडर बसला जुन्या डिस्कवर, आणि सहा महिन्यांनी जुनी डिस्क काढून भावाला दिली. झालं, पीसी म्हणतो बूट डिव्हाइस नाही. डिस्क परत लावून बघा, उठला तर हेच कारण. दोन, कुणीतरी जागा वाढवायला म्हणून ते १०० एमबीचं बिननावाचं छोटं पार्टिशन फालतू समजून उडवलं.

दोन्ही प्रकारांत विंडोजच्या डिस्कवर ते छोटं पार्टिशनच नसेल तर आधी ते बनवायला लागतं, ते काम जाणत्या माणसाला शेजारी बसवून करा. पार्टिशन आहे पण आतलं बिघडलंय तर कमांड प्रॉम्प्टवर डिस्कपार्ट टाइप करा, मग लिस्ट व्हॉल्यूम. त्यात फॅट ३२ लिहिलेलं शंभर-दोनशे एमबीचं जे असेल त्याचा नंबर बघा, सिलेक्ट व्हॉल्यूम आणि तो नंबर, मग असाइन लेटर इक्वल एस, मग एक्झिट. डिस्कपार्टमध्ये क्लीन हा शब्द चुकूनही टाइप करायचा नाही, साफसफाई नाही ती, अख्खी डिस्क कोरी होते.

मग बीसीडीबूट, स्पेस, सी कोलन बॅकस्लॅश विंडोज, स्पेस, स्लॅश एस, स्पेस, एस कोलन, स्पेस, स्लॅश एफ, स्पेस, यूईएफआय. बूट फाइल तयार झाल्या असा मेसेज आला की रिस्टार्ट. जुन्या व्हिडिओंमध्ये बूटरेक आणि फिक्सबूट ह्या कमांड सांगतात, यूईएफआय मशीनवर फिक्सबूटला बऱ्याचदा ॲक्सेस डिनाइड येतं, त्यात वेळ घालवू नका.

विंडोजशेजारी लिनक्स टाकून बघितलं आणि नको म्हणून पार्टिशन उडवलं, तर काळ्या स्क्रीनवर ग्रब (GRUB, लिनक्सचा बूटलोडर) असं लिहून कर्सर लुकलुकत बसतो. विंडोजला काही झालेलं नसतं. यूईएफआय मशीन असेल तर बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिला करा, सुटलं.

लिनक्सवाल्यांसाठी थोडं

उबंटूमध्ये (लिनक्सचाच एक प्रकार) अपडेटनंतर उठत नसेल तर सोपं आहे, जुना कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा तिथंच ठेवलेला असतो. चालू करताना एस्केप, जुन्या बायोसवर शिफ्ट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये आधीच्या नंबरचा कर्नल निवडा. स्क्रीन काळी राहत असेल तर त्या यादीवर ई दाबा, लिनक्स शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी स्पेस देऊन नोमोडसेट लिहा, एफ १० दाबा. हे त्या एकाच वेळेपुरतं असतं, आत गेल्यावर ग्राफिक्सचा ड्रायव्हर नीट करायचा.

दुसरी डिस्क कायमची जोडायला एफएसटॅब फाइलमध्ये ओळ घातली आणि मग डिस्क काढली, तर ९० सेकंद वाट बघून ते इमर्जन्सी मोडला जातं. घाबरायचं नाही, नॅनो ह्या एडिटरनं ती फाइल उघडून त्या ओळीच्या आधी हॅशचं चिन्ह टाका आणि रिबूट. पुढच्या वेळी ओळीत नोफेल लिहा, म्हणजे डिस्क नसली तरी अडून बसणार नाही.

काहीच चालेना तर

तर डेटा काढा. मित्राच्या पीसीवर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रूफस (बूट होणारा पेनड्राइव्ह बनवायचा प्रोग्राम) वापरून उबंटू टाका, आपल्या मशीनला लावा, बूट मेनूतून पेनड्राइव्ह निवडा, आणि इन्स्टॉल न करता ट्राय उबंटू. तुमची विंडोजची डिस्क डाव्या बाजूला दिसंल, यूजर्समध्ये तुमच्या नावाचं फोल्डर, तिथून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि टॅलीचं डेटा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी. टॅलीचं फोल्डर कुठं आहे ते आधी माहीत असलेलं बरं, मामांचं निघालं डी ड्राइव्हमध्ये न्यू फोल्डर २ नावाच्या फोल्डरात. कॉपी झाली, एक-दोन फायली उघडून बघितल्या, मग फॉरमॅट मारा बिनधास्त.

आता मामांच्या पीसीत मी रिस्टोअर पॉइंट चालू करून ठेवलाय, विंडोजमध्ये तो बऱ्याच वेळा बंदच असतो, सर्चमध्ये क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट लिहिलं की सापडतो. बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून मामांच्या व्हॉट्सॲपला टाकलाय. राजारामपुरीतून एक पेनड्राइव्ह आणला, त्यावर रिकव्हरी ड्राइव्ह बनवला, आणि तो आता वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेसरच्या किल्लीशेजारी खिळ्याला लटकतोय, त्याला मामांनी स्वतःच्या हातानं चिठ्ठी बांधलीये, "गाणी भरू नयेत."